मामाचा चेंडू

चिमटीचं ऐकलंत का? युनिव्हर्सिटीत ती माणसाचं आणि यंत्राचं कसं जमवायचं ते शिकते. नुसतं स्क्रीनवर नाही हं, लाकूड, कापड, रबर, हाताला लागेल त्यात सेन्सर खुपसायचा आणि ते माणसाला वापरता येतंय का बघायचं. सदा हातात बारीक चिमटा, म्हणून चिमटी.

तर तिच्या मामाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला एकच शब्द, "गाढवा". तो स्पष्ट, पण इतका हळू की उशीपलीकडे जायचा नाही. मामी शिवणकाम करायची. मशीन पुढच्या खोलीत, मामा आतल्या खोलीत. हाक मारता येत नाही म्हटल्यावर मामी दिवसभर त्याच्या पलंगाशी बसून. शेवटी तिने मशीन विकायलाच काढलं. शनिवारी ते न्यायला बाई येणार होती.

"मामी, तेवढं थांब गं," चिमटी म्हणाली. "मी चेंडू करते. मामाने दाबला की तुझ्या मशीनशेजारी दिवा लागेल."

"बघ बाई. दिवा लागला तर मशीन राहील."

झालं! चिमटी कामाला लागली. फोमचा चेंडू, आत दाब ओळखणारी पट्टी, बॅटरी, सगळं बिनवायरचं. मामाने दाबला, दिवा लागला, मामी टाळ्या वाजवायला लागली. गजर, म्हणजे तिचा प्रोजेक्टमधला पार्टनर, ज्याचं बोलणं कधी थांबत नाही तो, त्याने व्हिडिओ काढला.

युनिव्हर्सिटीतल्या मॅडमनी व्हिडिओ पाहिला आणि म्हणाल्या, "हा चेंडू मामांनी नाही, तू दाबलास. जिभेने."

कारण व्हिडिओत चिमटी सारखी म्हणत होती, "मामा, अजून जोरात! हां, अजून थोडं!" आणि चाचणीचा नियमच आहे की बनवणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. मॅडमचं म्हणणं, तू घरी गेल्यावर चेंडूबरोबर थोडीच राहणार आहेस?

शुक्रवारी परत चाचणी. गजर पुढच्या खोलीत मामीपाशी, कारण दिवा लागल्याशिवाय मामीने उठायचं नाही. चिमटी आत कोपऱ्यात स्टुलावर, ओठ घट्ट मिटून.

मामाने चेंडू दाबला. काही नाही. परत दाबला. काही नाही. लॅबमधल्या पोरांनी लिंबू पिळावं तसा दाबून बघितला होता, आणि तेवढ्याच दाबावर तिने सेन्सर बेतला होता. कोणी मागे लागल्याशिवाय मामाच्या डाव्या हाताला कुठली तेवढी ताकद! मामाने चिमटीकडे बघितलं. भुवया वर. म्हणजे, काय गं, हे काय दिलंयस? चिमटीच्या घशात "अजून जोरात" आलं होतं. तिने गिळलं. उद्या ती बाई येणार, मशीन जाणार, आणि हिने मुकाट बसायचं!

मामा वैतागला. "गाढवा!" म्हणाला आणि चेंडू भिरकावला. तो दरवाज्यावर धप्पकन आपटला.

आणि बाहेरून गजर ओरडला, "लागला! लागला!"

मामी धावत आत. "काय झालं? काय हवंय?"

मामाला काहीच नको होतं. तो खोखो हसत होता, एका बाजूने. चिमटी चेंडू शोधत पलंगाखाली घुसली.

"फेकायलाच दे की त्यांना," मामी म्हणाली.

"आणि परत कोण आणून देणार, गजर?" चिमटी पलंगाखालून म्हणाली.

"मी येईन की रोज," गजर म्हणाला. "जेवायला."

चिमटीने चेंडू तिथेच फाडला. पट्टी बाहेर काढली, एक पातळ फळी घेतली, पट्टी तिच्यामागे बसवली आणि फळी मामाच्या डाव्या हाताशी भिंतीला लावली. हात नुसता पडला, कसाही पडला, तरी चालेल असा दाब बेतला. मामी आणि गजर परत पुढे, ती परत स्टुलावर. परत तोंड बंद.

मामाने फळीकडे बघितलं. हात उचलला आणि टाकला. धप. थोडं थांबला. मग धप, धप, धप! बाहेर दिवा लागतोय, विझतोय, पण मामाला आतून काय कळणार? तो आपटतच राहिला. चिमटीला रडू फुटायची वेळ आली. आपण पोचलो की नाही हे हाक मारणाऱ्यालाही कळायला नको का? आता आत आणखी एक दिवा, आणखी एक बॅटरी...

"अहो, ऐकलं! आले!" पुढच्या खोलीतून मामी ओरडली. "टाका पुरा होऊ द्या!"

मामाचा हात थांबला. फळीवर तसाच टेकून राहिला, आणि बाहेर मशीन खडखडत होतं.

शनिवारी ती बाई आली. मामीने तिला दारातच सांगितलं, "नाही हो, विकायचं राहिलं. ब्लाउज शिवायचा असेल तर माप देऊन जा."