चिकणमातीतली पोर

माझ्या तोंडाला कुलूप असतं तर बरं झालं असतं! चाळीस वर्षं कबरी खणतोय, आणि चारचौघांत शहाणपणा मिरवायची भारी खोड. "सहा महिन्यांत नुसती हाडं उरतात, बाकी मातीत माती," असं मीच सगळ्यांना सांगत सुटायचो.

आमची पोर ठकी क्षयाने गेली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. पुढे शेजारच्या लोहाराची बायको तशीच गेली, मग त्याचा थोरला रक्त ओकायला लागला. गल्लीत कुजबुज सुरू झाली, की पहिली गेलेली परत येते आणि शेजाऱ्यांचं रक्त पिते. ठकीला जाऊन सहा महिने उलटले आणि एका सकाळी लोहार वीसेक माणसं घेऊन दारात उभा राहिला.

"काका, उघडून बघू. हाडं निघाली तर तुमच्या पाया पडतो. नाहीतर काळीज काढून जाळायचं."

मी दार अडवून उभा राहिलो. कारण पोरीला मी टेकडीखालच्या चिकणमातीत पुरलं होतं. तिथली माती थंडगार, घट्ट. प्रेत दोन-दोन वर्षं जसंच्या तसं राहतं. तिला लवकर किडे लागू नयेत म्हणून जागा मीच निवडली. बापाचं वेडं मन, दुसरं काय!

"अरे, त्या मातीत कुणीही तसंच राहतं!" मी ओरडलो. "बाजूची कबर उघडा, बघा!"

"आता माती आठवली होय?" मागून कुणीतरी म्हणालं. "सहा महिने म्हणणारे तुम्हीच ना?"

लोहाराने हात जोडले. "काका, माझा मुलगा मरतोय हो." त्याच्यावर तरी काय चिडणार?

परक्याचं फावडं तिला लागू नये म्हणून मीच खणलं. फळी उचलली. गाल भरलेले, ओठांशी ओलं रक्त. मेलेल्याचं पोट फुगलं की ते वर येतं, हे मी शंभरदा पाहिलंय. पण ऐकतो कोण! लोहाराने सुरी काढली. मी डोळे मिटले नाहीत. तिच्याजवळ आपलं कुणीतरी हवं ना.

काळीज जाळून त्याची राख उतारा म्हणून पाण्यात कालवून लोहाराच्या मुलाला पाजली. चौथ्या दिवशी तोही गेला. माझी माफी मागायला काळं कुत्रंसुद्धा आलं नाही.

याला आता बारा वर्षं झाली. परवा एक आई पोराला दटावत होती, "डोळे मीट, नाहीतर ठकी येईल रक्त प्यायला."

मी त्यांच्या खिडकीशी जाऊन किंचाळलोच, "अगं बये, ती कुठून येतेय अंधारात! दिवा विझवला तरी माझी पोर रडायची."