वाया न गेलेलं मेण

इबू कार्सिनाहंच्या कारखान्यात मी त्या महिन्यात चौथ्यांदा गेले, तेव्हा माझे पाय आणि उत्साह दोन्ही संपले होते. इंडोनेशियातल्या पेकालोंगानच्या बाटिकवाल्या गल्ल्यांत हिंडून कारखानदारांना चक्राकार अर्थव्यवस्थेकडे वळवायचं, ही माझी नोकरी. काही वाया घालवू नका, वापरलेलं पुन्हा वापरा, एवढंच सांगायचं. सांगून सांगून माझा मलाच वीट आला होता.

इथे मोठ्या बाईला मानाने इबू म्हणतात आणि पुरुषाला पाक. इबूंची अडचण साधी होती. यापुढे कापड फक्त प्रमाणपत्रवाल्यांकडूनच घेणार, असं त्यांच्या व्यापाऱ्याने कळवलं होतं. दुसरं मोठं गिऱ्हाईक नव्हतं. कापडावर मेणाची नक्षी काढायला त्यांच्याकडे नऊ बायका बसत. प्रमाणपत्र हुकलं असतं, तर इबूंसकट दहाही जणी घरी.

आमच्या योजनेचं हे प्रमाणपत्र मिळायचं माझ्या फॉर्मवर. आधी किती मेण वाया जायचं आणि आता किती जातं, ते लिहायचं. तीस टक्के घट दिसली की काम फत्ते.

"वाया?" इबू म्हणाल्या. "मेण कुणी वाया घालवतं का, पोरी? कापड उकळलं की ते वर तरंगतं. काढायचं, वाळवायचं, नव्यात मिसळायचं. माझ्या सासूच्या हातचं मेणसुद्धा असेल यात थोडं."

म्हणजे आधी शून्य आणि आता शून्य. शून्यात घट कुठून आणू? समोरच्या कारखान्याचे मालक पाक जुमादी वीस वर्षं सगळं मेण गटारात सोडत होते. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी गाळणी बसवली आणि प्रमाणपत्र दारावर लागलंसुद्धा.

साहेबांना विचारलं. "फॉर्म वरून आलाय," म्हणाले, आणि चहा मागवला.

मग मीच अक्कल पाजळली. "इबू, एक आठवडा मेण या पिंपात टाका. मी वजन करून 'आधी' म्हणून लिहिते. मग तुमचं नेहमीचं चालू करा."

"टाकू? चांगलं मेण?"

"नाटक समजा."

"या वयात मला नाचव आता," इबू म्हणाल्या. बायका खिदळल्या. त्या नऊ तोंडांकडे बघून इबूंनी मान डोलावली.

आठवड्याने काटा घेऊन गेले, तर पिंपाचा तळ दिसत होता.

"टाकलं नाहीत ना?"

"रोज टाकलं. हिला विचार."

सूपियाह ही तिथली सगळ्यात जुनी कारागीर. ती खाली बघत म्हणाली, "इबू टाकायच्या. मी जाताना थोडं काढून ठेवायची. जीव होईना."

"तू पण?" शेजारची ओरडली. "मला वाटलं, मी एकटीच चोर!"

मग एकेक कबूल होत गेली. शेवटी इबूही. "सकाळी पहिल्यांदा मीच उपसायचे. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नव्हता गं."

मला हसूही आलं आणि रडूही. फॉर्म द्यायचा तो शेवटचा दिवस होता. "अंदाजाने चाळीस किलो लिहू?" मी विचारलं.

"माझ्या घरातून चाळीस किलो मेण वाया गेलं, असं लिहून कागद देणार मला?" इबू पहिल्यांदाच चिडल्या. "शून्य लिही."

मी शून्य लिहिलं. साहेबांशी भांडता आलं असतं, वर पत्र पाठवता आलं असतं. दमले होते, म्हणून काहीच केलं नाही. त्याची लाज आजही वाटते.

व्यापाऱ्याचं सगळं काम जुमादींकडे गेलं. त्यांना हात कमी पडायला लागले, तशा नऊच्या नऊ बायका समोर कामाला गेल्या. महिन्याभराने इबूही गेल्या. जुमादींच्या गाळणीत मेणाबरोबर रंगाचा गाळ यायचा आणि तो वेगळा करणं तिथे कुणाला येत नव्हतं.

मी पाहणीला गेले तेव्हा इबू परक्या कढईपाशी उभ्या होत्या. जुमादी खुशीत होते. "बघा ताई, तुमच्या योजनेने काय कमाल केली!"

इबूंनी झारा बाजूला ठेवला आणि मला न्याहाळलं. "जेवलीस का गं? डोळे किती खोल गेलेत."

ऑफिसात येऊन अहवाल भरायला घेतला. योजनेमुळे किती नवे रोजगार निर्माण झाले, असं त्यात विचारलं होतं. मी दहा लिहिले.