पत्र्याला टेकलेली सळई

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता सापगावच्या सुंदराने सहा वर्षांच्या नातीला, भूमिकाला, रिक्षात घातले आणि शहापूरच्या दवाखान्यात नेले. पोरीला पहाटेपासून जुलाब होत होते. मी गोठ्याच्या पत्र्याला टेकून उभी होते. तोंड लपवायला मला जागा नव्हती.

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी सळई आहे. या घराचा स्लॅब टाकला तेव्हा उरलेला चार हातांचा तुकडा. सुंदराच्या नवऱ्याने, राघोने, माझे एक टोक वाकवून कडी केली. बरीच वर्षे मला म्हैस बांधत. पुढे गावात खताचे शिकवायला रंजिताताई येऊ लागल्या. त्यांनी शेणात भाताच्या तुसाचा कोळसा मिसळायला शिकवले. कोळसा ओल शोषतो, ढिगात हवा खेळते, शेण आतून तापते आणि त्या तापाने रोगाचे जंतू मरतात. ताप बघायला थर्मामीटर नव्हता, मी होते. मला ढिगात खुपसायचे, सुंदराचे दूध काढून होईपर्यंत आत ठेवायचे, मग उपसून मुठीत धरायचे. ओळीने तीन दिवस मूठ टिकली नाही, की ढीग खरा तापला. तीन वर्षे माझा शब्द खोटा ठरला नाही. शेजारी मला मागून नेत. मला त्याचा गर्व होता, हेही सांगितले पाहिजे.

यंदा फाल्गुनात ढीग रचताना सुंदराने तुसाची पोती शोधली.

"पोती कुठं गेली?"

"राबावर पसरली," राघो म्हणाला. भाताचे रोप टाकायची जमीन आधी भाजून घेतात, तो राब. "भात नको का पिकवाया?"

"आन् ढिगात काय तुमची मिशी जाळून घालू?"

"एक खेप बिनकोळशाची झाली तर काय बिघडतंय गो?"

ढीग बिनकोळशाचा रचला. त्याच महिन्यात वासराला हगवण लागली होती. ते शेणही त्यातच गेले.

चैत्रात सुंदराला लग्नासाठी मुरबाडला जायचे होते. जाण्याआधी खत टाकून मोकळे व्हावे म्हणून तिने मला भरदुपारी उचलले. सकाळपासून मी उन्हात होते. तिने मला खुपसले, लगेच उपसले, मुठीत धरले आणि हात झटकला.

"आई गं! धरवत नाय. शिजलंय खत."

"बघ," राघो हसला, "ताईंच्या कोळशाबिगर शिजलं."

तो चटका ढिगाचा नव्हता, उन्हाचा होता. मला माहीत होते. तीन दिवसांचा नेमही त्या घाईत राहिला. खत मुळ्याच्या उभ्या वाफ्यात पडले. पुढच्या रविवारी भूमिकाने मुळा उपटला, फ्रॉकला पुसला आणि तिथेच खाल्ला.

मंगळवारी दुपारी पोरीची आई दवाखान्यात थांबली आणि सुंदरा कपडे न्यायला घरी आली. रंजिताताईही आल्या. त्यांनी मला उरलेल्या ढिगात खुपसले, पंधरा मिनिटे थांबल्या, उपसले. मी गार होते.

"काकी, खत टाकलं त्या दिवशी सळई कुठं होती?"

"ही काय, पत्र्याला."

"उन्हात?"

सुंदराने उजवी मूठ उघडून पाहिली.

"विहिरीच्या पाण्यानंही होतं," ताई म्हणाल्या. "पाणी तपासायला देते. आधीच दोष नको."

"पाणी आमी सगळीच पितो, ताई. मुळा तिनंच खाल्ला." एवढे बोलून ती वाफ्यातले उरलेले मुळे उपटायला गेली.

मित्रांनो, ढिगाचा ताप विचारण्याआधी माझ्यासारखीला सावलीत गार होऊ द्या. मग आत ठेवून थांबा. मला बोलता येत नाही. थांबणे तुमच्या हातात आहे.

राघोने गिरणीवरून तूस आणले, कोळसा केला, ढीग मोडून पुन्हा रचला. गुरुवारी संध्याकाळी मला आत खुपसून तो शेजारी बसला होता, तेव्हा सुंदराचा फोन आला.

"पाणी पोटात ठरतंय आता. रिपोर्ट नाय आला."

"आन् पाण्याचा?"

"त्यो पण नाय."

राघोने फोन खिशात ठेवला. मग मला उपसले आणि मुठीत धरून बराच वेळ बसला. मी कोमट होते.