कथा थांबली तेथून

मित्रांनो, मेलकावेरीच्या भजनमठात ओसरीवर फळी टाकून ज्याला बसवले आहे, तो जुना संगणक मी. माझा पडदा पिवळसर झाला आहे, पंखा कण्हतो. तरी दर नवरात्रात आयुधपूजेला, सगळ्या अवजारांबरोबर, माझ्या कपाळी चंदन-कुंकू लागते. एवढा मान किती यंत्रांना मिळतो?

माझ्या पोटात एकच मोठी फाइल आहे. मठात कीर्तन झाले की सेतूमामा एका बोटाने तिच्या तळाशी एक ओळ लिहितात: तारीख, कीर्तनकार, आख्यान, आणि कथा कोठे थांबली. आमच्याकडची रीत अशी की अर्धे राहिलेले आख्यान पुरे केल्यावाचून दुसरे लावायचे नाही, आणि थांबले तेथूनच उचलायचे. अशा ओळी साचत साचत फाइल नदीसारखी लांब झाली.

मीनाक्षीबाईंना सगळे अक्का म्हणतात. त्यांचे रुक्मिणीस्वयंवर ऐकायला तिरुप्पनंदाळहून माणसे येत. गेल्या श्रावणात ते अर्ध्यावर असताना त्यांना झटका आला आणि वाचा गेली. मग कार्तिकात ठरले की त्यांच्या शिष्येने, लक्ष्मीप्रियाने, अक्कांसमोर ते पुरे करावे. तिचे ते पहिले उभे राहणे. पण कथा थांबली कोठे? चार श्रोत्यांनी चार जागा सांगितल्या, आणि चौघेही शपथेवर.

सेतूमामा माझ्यापुढे बसले. फाइलची पहिली ओळ 'श्रीगणेशाय नमः', म्हणून मामा नेहमी तिला हात जोडून तेथूनच शोध लावतात. पोथी मधून उघडू नये, हे त्यांच्या हाडात आहे. मला वरून 'रुक्मिणीस्वयंवर' शोधायला सांगितले, मी वरून सापडलेली पहिली ओळ दाखवली: मीनाक्षीबाई, रुक्मिणीस्वयंवर, पत्रिका लिहिली, तेथे थांबले. मामा खूश. लक्ष्मीप्रियाने चार दिवस पत्रिकेची पदे घोटली.

कीर्तनाच्या दुपारी ती अक्कांना पद ऐकवून आली, ती रडवेली होऊनच. अक्कांनी मान हलवली होती. पुन्हा म्हटले, पुन्हा नाही. गुरूंना आपले गाणेच रुचले नाही, असे मानून ती नाव मागे घ्यायला निघाली होती. कथेची जागा तरी बरोबर आहे, याचा पुरावा म्हणून सेतूमामांनी तिला माझ्यासमोर आणले. तिने पडदा पाहिला आणि डोळे पुसले.

"मामा, तारीख पाहिलीत का? दोन हजार नऊ. मी तेव्हा पहिलीत होते."

मामा ओशाळले. पुटपुटले, की पोथी पहिल्या पानापासूनच उघडावी ना.

"पोथी पहिल्या पानापासून, मामा. पण कथा थांबली तेथून."

तिने मला तळाशी नेले आणि खालून वर शोधायला लावले. पहिली सापडलेली ओळ श्रावणातली: रुक्मिणीस्वयंवर, अक्का आजारी, कीर्तन झाले नाही. ती म्हणाली, ही नव्हे, त्या दिवशी गाणेच झाले नाही. आणखी एक वर. तेथे होते: रुक्मिणी अंबिकेच्या देवळातून बाहेर आली, रथ अजून दिसेना, तेथे थांबले.

"श्रावणापासून उभीच आहे की ती," मामा हळूच म्हणाले.

संध्याकाळी अक्का पुढच्या खुर्चीत होत्या. लक्ष्मीप्रियाने नमन केले आणि रथाच्या घोड्यांचे पद उचलले. ओसरीवरून मला दिसले: अक्कांनी डोळे मिटले. त्यांचा धड असलेला डावा हात मांडीवर ताल धरू लागला, तो मंगळारतीपर्यंत थांबला नाही.

मला गाता येत नाही, मित्रांनो. पण एक ओळ जपून ठेवण्याचे पुण्य या माणसांनी माझ्या पदरी घातले, त्यांचे उपकार कसे फेडू? तुम्हीही जे घडले ते त्याच दिवशी लिहून ठेवा, तारखेसकट. ताजे हवे असेल तर शेवटाकडून शोधा, आणि सापडलेली ओळ नीट वाचा. माझ्यासारख्या म्हाताऱ्या यंत्रावरची धूळही मधूनमधून पुसत जा. आत कोणीतरी देवळाच्या दारात रथाची वाट पाहत असेल.

त्या दिवशी सेतूमामांनी तळाशी लिहिले: लक्ष्मीप्रिया, रुक्मिणीस्वयंवर, पूर्ण. मग त्या शेवटच्या ओळीलाही त्यांनी हात जोडले.