डुरक्याचा दुखवटा

मंगळवारी सकाळी ईरप्पा भवानी पेठेतल्या आपल्या घराच्या ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होते, आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या मरणाचं पिठलं दारात आलं.

आणलं होतं अक्कम्माबाईंनी. गल्लीच्या कोपऱ्यावर या बाईंचा कडक भाकरीचा धंदा. एका हातात झाकलेलं पातेलं, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि पदराचं टोक दातात. ज्या घरातलं माणूस जातं त्या घरची चूल पेटत नाही, शेजारीपाजारी पिठलं-भाकरी आणून देतात, हे काही कुणाला शिकवायला नको. ईरप्पांनाही ते ठाऊक होतं. म्हणून त्यांनी बशी खाली ठेवली आणि काळजीनं विचारलं, "कोण गेलं?"

अक्कम्माबाईंनी भरल्या डोळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. "तुमीच की."

आता इथं जरा मागं जायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई डोक्यावर पडलीय. ईरप्पांची लेक सिद्धेश्वरी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन काढते. दिवसभर टॉवेलावर मोर आणि कमळं काढून वैतागलेली ही पोरगी घरी येऊन राक्षस लिहायची. तिच्या पहिल्या पुस्तकाचं नाव 'दातेरी पलटण'. त्यात राजपुत्र-बिजपुत्र कुणी नाही. सुळेवाले, शेपटीवाले, अंगाला खवले असलेले राक्षसच नायक, आणि तेच बिचारे माणसांसाठी लढतात. त्यांतला सगळ्यात थोर वीर डुरक्या. चार सुळे, पहाडासारखा देह. नगाऱ्यांच्या आवाजानं डावा कान गेलेला. कुणी काही बोललं की आधी "कोण म्हणतंय?" म्हणून ओरडायचं आणि मग ऐकायचं, ही रीत. चहा बशीतूनच.

मागाच्या खटखटाटात डावा कान घालवलेला, आधी ओरडून मग ऐकणारा आणि बशीशिवाय चहा न पिणारा माणूस पेठेत एकच होता. लोकांनी पहिल्याच प्रकरणात ओळखला. ईरप्पांनी मात्र "कायतरी खुळ्यावानी लिवतीया" म्हणून नाक मुरडलं आणि पुस्तक उशाखाली ठेवून दोनदा वाचून काढलं.

यंदा दुसरा भाग आला. अक्कम्माबाईंकडं बाया भाकऱ्या थापत असतात तेव्हा चंद्रिका नावाची त्यांची सून मोठ्यानं पुस्तक वाचते. रेडिओपेक्षा हे बरं पडतं. सोमवारी दुसरा भाग संपला आणि त्यात डुरक्या मेला. काळदरीच्या तोंडाशी एकटा उभा राहून त्यानं शत्रू थोपवला, सूर्य मावळेपर्यंत लढला आणि कोसळला. त्याचा सख्खा धाकटा भाऊ सुपकान्या टेकडीपलीकडं आपली फौज घेऊन बसला होता. तो काही आला नाही. त्या दिवशीच्या भाकऱ्या खारट झाल्या अशी तक्रार अजून चालू आहे.

"अवो, मी जित्ता हाय," ईरप्पा ओरडले. "हितं बसलोय. च्या पितोय."

"ते दिसतंय की," अक्कम्माबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पण पुस्तकात तर गेलाव न्हवं. चंद्रव्वा, चूल पेटवू नगंस गं. आज आमच्याकडनं."

आत ईरप्पांची बायको चंद्रव्वा पीठ मळायला बसली होती. तिनं क्षणभर नवऱ्याकडं पाहिलं, क्षणभर पातेल्याकडं. मग परात उचलून ठेवली आणि हात धुतले. संसारात इतकी वर्षं काढलेली बाई आयतं पिठलं परत पाठवत नसते.

दुपारपर्यंत ओटा भरला. पुस्तक वाचलेली माणसं आली, ऐकलेली आली आणि गर्दी कशाची म्हणून बघायला आलेलीही आली. निवृत्त शिक्षक शरणबसव गुरुजींनी हात जोडले आणि गंभीरपणे सांगितलं, "पहिल्या भागापेक्षा दुसरा भाग सरस. पण चाळीस हजार राक्षस महिनाभर चालतात आणि कुणी जेवत नाही. वाचक किती सहन करणार?"

"कडक भाकरी न्यायची की," अक्कम्माबाई म्हणाल्या. "महिनाभर कुटं बिघडतीया? मला इचारलं असतं तर मी हिशेब दिला असता."

एमआयडीसीत माग चालवणारा महेश्वर म्हणाला, राक्षसांना आठवड्याची सुट्टी नाही, हे बरोबर नव्हं. चंद्रिकेचं म्हणणं, सुळे चार असले तर बशी तोंडाला लागेल कशी, हे लेखिकेनं दुसऱ्या भागात तरी सांगायला हवं होतं. कुणी म्हणालं मधली दोन प्रकरणं पाणी घालून वाढवलीत. अशी मतं देऊन झाली की माणसं ईरप्पांकडं वळायची, आवाज खाली आणायची आणि त्यांच्याविषयी त्यांच्याच तोंडावर बोलायची.

"तापट होता," गुरुजी म्हणाले. "पण पोराबाळांपुढं गुडघे टेकून बोलायचा."

"शिव्या घालायचा," महेश्वर म्हणाला, "पण नव्या पोराला माग शिकवायचा तर डुरक्यानंच. म्हंजे, तलवार."

ईरप्पा सुरुवातीला फणफणले. एकदोघांना त्यांनी काठीही दाखवली. मग हळूहळू काठी बाजूला गेली. आयुष्यभर ज्यांनी समोर 'ईरप्पा' आणि माघारी 'भोंगा' म्हटलं, ती माणसं आज नाक पुसत चांगलं बोलत होती. माणूस मेल्याशिवाय त्याचं बरं कुणी बोलत नाही म्हणतात, आणि इथं तर मरायचीही गरज पडली नव्हती. खरं सांगायचं तर ईरप्पांना बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

पण एक मत असं होतं की जो येईल तो देऊनच उठायचा. धाकट्यानं यायला पायजे होतं. भाऊ दरीत एकटा मरतोय आणि हा टेकडीमागं कान हलवत बसतोय, ही काय रीत झाली?

हे ऐकलं की ईरप्पा बशी उचलून तोंडाला लावायचे.

कारण सुपकान्याही पेठेनं ओळखलेला होता. दोन गल्ल्या पलीकडं राहणारे ईरप्पांचे धाकटे बंधू सिद्धप्पा. कान सुपासारखेच. दोघा भावांनी मिळून कैक वर्षं टॉवेलाचे माग चालवले, एका ताटात जेवले. मग सिद्धप्पांच्या मुलाच्या लग्नात मानपानाची वेळ आली. थोरल्या भावाला टॉवेल-टोपी दिली. ईरप्पांनी मांडवातच टॉवेल उलगडून, सवयीनं उजेडाला धरून पाहिला. एक तर माल दुसऱ्याच्या कारखान्याचा. त्यात मधोमध बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटलेला, चांगला बोटभर. ज्यानं जन्मभर टॉवेल विणले त्याला भर मांडवात दुय्यम माल. ईरप्पा न जेवता उठले. सिद्धप्पांनीही मागं येऊन "अण्णा, थांब" म्हटलं नाही. तेव्हापासून बोलणं बंद. समोरून दुसरा येताना दिसला की पहिल्यानं गल्ली बदलायची.

संध्याकाळी सिद्धेश्वरी कामावरून आली. दारात चपलांचा ढीग, आत पिठल्याची पाच पातेली. तिनं आधी आईला हाक मारली. मग ओट्यावर वडील बसलेले दिसले आणि ती त्यांच्यासमोरच येऊन बसली.

"मला का मारलंस?" ईरप्पांनी विचारलं.

"तुम्हाला कुठं अप्पा? डुरक्याला."

"मग अख्खी पेठ येडी हाय का?"

पेठ वेडी नाही असं म्हणायला पुरावा नव्हता. ईरप्पा थोडा वेळ काठीनं फरशी उकरत बसले. मग, हा माणूस एवढ्या हळू आवाजात बोलू शकतो हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं अशा आवाजात, त्यांनी विचारलं, "आणि त्यो? धाकटा? त्याला का आणलं न्हाईस?"

"लई प्रयत्न केला, अप्पा. तीनदा प्रकरण लिहिलं. तीनदा त्याला टेकडीपर्यंत आणला. पुढं पाऊलच टाकेना."

ईरप्पांनी मान हलवली. हे त्यांना पटलं. तो माणूस तसलाच होता. रात्रीच्या जेवणाला पिठलं वाढून घेताना त्यांनी जाहीर केलं, "मी मेलोय. आता बगू कोण कोण येतंय."

चंद्रव्वानं कपाळाला हात लावला. पण 'कोण कोण' म्हणजे कोण, हे तिला समजलं होतं. लेकीलाही समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुखवटा रीतसर सुरू झाला. ईरप्पा धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर चटई टाकून बसले. कुणी नमस्कार केला तर उत्तर देत नव्हते, मेलेला माणूस उत्तर देत नाही म्हणून. चहा मात्र घेत होते. येणारा प्रत्येक जण सिद्धप्पांची खबर आणायचा. भाजीवालीनं त्यांना कोथिंबीर नाकारली म्हणे. "आदी भावाला सोडून का बसलाव ते सांगा, मग जुडी." न्हाव्यानं अर्धी दाढी झाल्यावर वस्तरा थांबवून तोच प्रश्न केला. देवळात एका म्हातारीनं त्यांचा कान धरला, आणि धरायला कान भरपूर होता.

"मग काय म्हणाला त्यो?" ईरप्पा न राहवून विचारायचे.

"काय न्हाई. पुस्तक इकत घेऊन गेला."

ईरप्पा "जाऊ दे मरू दे" म्हणायचे आणि थोड्या वेळानं सरकून गल्लीकडं तोंड करून बसायचे.

गुरुवार उजाडला. पातेली कमी झाली, माणसं कमी झाली. खऱ्या दुखवट्याचंही असंच असतं, तिसऱ्या दिवशी लोकांना आपापली कामं आठवतात. दुपार कलली तरी सिद्धप्पांचा पत्ता नव्हता. ईरप्पांचा चेहरा उतरत गेला. पुस्तकातला आला नाही, ते ठीक. त्याला लेकीनं लिहिला होता. हा तर दोन गल्ल्यांवर होता, त्याच्या पायांना कुणी लिहीत नव्हतं. त्यांना वाईट वाटलं, आणि ते लपवता येईना.

"उद्यापासनं मी जित्ता," ते चंद्रव्वाला म्हणाले. "भाकरी टाक."

दिवे लागायच्या वेळेला सिद्धप्पा आले. अंगात पांढरा सदरा, काखेत 'दातेरी पलटण, भाग दोन', पानापानांत चिठ्ठ्या खोचलेल्या. त्यांनी भावाकडं पाहिलं नाही. चटईच्या पार दुसऱ्या टोकाला बसले आणि सिद्धेश्वरीला म्हणाले, "पोरी, पुस्तक वाचलं. बरं लिवलंयस. पण एक घोटाळा हाय."

"कसला, काका?"

"सुपकान्याला निरोप कुणी धाडला? दाव मला. कुटल्या पानावर हाय?"

सिद्धेश्वरीनं पुस्तक घेतलं. पानं पुढं उलटली, मागं उलटली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. डुरक्या लढतो, डुरक्या गरजतो, डुरक्या आभाळाकडं बघून भावाला बोल लावतो. पण भावाला बोलावणं धाडलंय असं दोन्ही भागांत कुठंही नव्हतं. एवढ्या वाचकांतल्या एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

"न बोलावता कसा येणार?" सिद्धप्पा म्हणाले. "त्यालाबी मान हाय का न्हाई? तयार हुता त्यो. फौज जेवली बी न्हवती. निस्ती एक हाक पायजे हुती."

"भावाला हाक मारायला लागती व्हय?" ईरप्पा गरजले.

सिद्धप्पांनी मान वळवली नाही. "सिद्धेश्वरी, ह्यांना सांग, मेलेला माणूस बोलत नसतो."

"त्याला सांग, मला बोलायला लावलं तर बोलणार."

"ह्यांना इचार, सूर्य मावळंपतूर लढत बसला, मधी एकदा माणूस धाडायला काय झालं हुतं?"

"त्याला सांग, धाडला असता. येईल का न्हाई, ह्याचं भ्या वाटलं."

हे ईरप्पा बोलून गेले आणि मग त्यांना कळलं आपण काय बोललो. सिद्धेश्वरीनं तो निरोप पुढं दिला नाही. द्यायची गरज नव्हती. सिद्धप्पा पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"दरी डावीकडनं उघडी हाय," ते म्हणाले, आणि आता कुणामार्फत नाही. "म्या तितनं आलो असतो."

"डावीकडनं चिखल हाय. उजवीकडनं यायचं."

"उजवीकडं तू हुतास."

"मग मी सरकलो असतो की."

चंद्रव्वानं चहा आणला. दोघांनी कप बाजूला ठेवून बश्यांची दरी केली, साखरेच्या डब्याची टेकडी केली आणि काळदरीची लढाई पहिल्यापासून लढायला घेतली. दोनदा हरले, तेव्हा चूक कुणाची यावरून आवाज चढले. तिसऱ्या खेपेला शत्रू पळाला. टॉवेलाचं नाव कुणी काढलं नाही.

मग सिद्धप्पा उठले. दुखवट्याच्या घरातून उठणारा माणूस 'येतो' म्हणत नाही. नुसता उठतो, मान खाली घालतो आणि चालू लागतो. तीन दिवस पेठेतली झाडून सगळी माणसं तशीच उठून गेली होती. सिद्धप्पांनी चपला घातल्या, पायरी उतरले आणि थांबले.

"येतो, अण्णा," ते म्हणाले.

चंद्रव्वानं तोंडाला पदर लावला. ईरप्पांनी काठी शोधली, ती सापडेना, मग तो नाद सोडला. उठून पायरी उतरले आणि भावाच्या खांद्यावर हात टेकून, त्याला त्याच्या घरापर्यंत पोचवायला निघाले.