दोन हातांचं मीठ

वरच्या मजल्यावरचे साहेब, तुम्ही खोटं बोललात. फलकावर चिठ्ठी लावलीत, "शनिवारी सर्वांनी मिळून स्वयंपाक. हसा, शिका, एकमेकांना ओळखा." ही परीक्षा आहे हे लिहिलं नाहीत. आणि नापास होणाऱ्याचं काय होणार, त्याबद्दल तर मिठाची गुळणीच धरलीत. मासे पकडणारा गळाला किडा लावतो. तुम्ही सूप लावलंत.

झालं ते असं.

रुग्णालयांतून येणारे हातानं भरलेले फॉर्म संगणकात उतरवणारा हा विभाग. माणसं आठ, जोड्या चार. एकेक फॉर्म जोडीतल्या दोघांनीही टाइप करायचा, वेगवेगळा. पाठीला पाठ लावून बसायचं, दुसऱ्याच्या पडद्यावर डोकवायचं नाही, "हे काय लिहिलंय हो?" असं विचारायचंही नाही. मग मशीन दोघांचं ताडून बघतं. जुळलं तर खरं. नाही जुळलं तर फॉर्म परत, दोघांनी पुन्हा पहिल्यापासून.

अक्का या विभागात बावीस वर्षं आहेत. त्यांच्या जोडीला मास्तर. पूर्वी टायपिंगचा वर्ग चालवायचे म्हणून मास्तर. अकरा वर्षं दोघं पाठीला पाठ लावून बसलीत. अक्कांना मास्तरांचा चेहरा फक्त चहाच्या वेळी दिसतो, पण त्यांची बोटं पाठ आहेत. मास्तरांना सर्दी झाली की कळफलकाचा आवाज अडखळतो, जुन्या विद्यार्थ्याचं पत्र आलं की घोड्यासारखा दौडतो.

वरच्या मजल्यावर नवे साहेब आले, विभागातून एक चक्कर मारली आणि म्हणाले, "इथं माणसं एकमेकांशी बोलतच नाहीत. टीम कुठाय?" झालं. शनिवारी सुट्टी गेली आणि स्वयंपाकाचा वर्ग आला.

मोठं स्वयंपाकघर, पोलादी टेबलं, प्रत्येकावर एक शेगडी, एक पातेलं. शिकवणारा शेफ गोरागोमटा, हसरा, मनानं चांगला. एका जोडीला एक टेबल. विक्री विभागवाल्यांच्या जोड्या पलीकडे, आल्या आल्या खिदळायला लागल्या होत्या. शेफनं प्रत्येकाच्या हातात टोमॅटोच्या सूपच्या कृतीचं एकेक कार्ड दिलं. भाज्या, लोणी, मिरपूड सगळं मोजून वाट्यांत काढलेलं. मीठ तेवढं मधल्या डब्यात, ज्याचं त्यानं चमच्यानं घ्यायचं.

"अक्का, घरी करता तसंच करायचं हो," शेजारच्या टेबलावरचा ठेंगू टायपिस्ट म्हणाला.

"घरी कार्ड नसतं रे बाबा. घरी सासू होती."

मास्तर गालात हसले. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, अक्कांनी पर्समधून. दोघांनी आपापल्या कार्डावर पहिल्या ओळीपुढे बारीकशी टीक केली.

भिंतीशी कर्मचारी विभागातल्या मॅडम उभ्या होत्या, हातात पाटीला लावलेला कागद. मधेच त्यांनी अक्कांच्या टेबलावर पाटी टेकवली आणि फोन घ्यायला वळल्या. कागद अक्कांच्या बाजूनं उलटा होता. पण बावीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर लावलेल्या बाईला छापील ओळ उलटी काय नि सुलटी काय. "जोडी तीन. यापुढे दोघांपैकी एकालाच ठेवणे. कोणाला, ते आज पाहून ठरवणे."

जोडी तीन म्हणजे अक्का आणि मास्तर.

घरी नवरा गुडघ्यांनी जागेवर बसलेला, धाकटीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष. आणि मास्तर? लेकीच्या घरी राहतात, जावयाच्या समोर रोज डबा घेऊन बाहेर पडता येतं, तेवढाच त्यांचा ताठ कणा. त्यांना सांगावं का? सांगून काय, मग दोघं एकमेकांवर नजर ठेवून उभी राहणार. अक्कांना मन शांत करायचा एकच उपाय ठाऊक होता : पुढची ओळ. त्यांनी कार्डावर बोट ठेवलं आणि ओळीमागून ओळ करत गेल्या. टोमॅटो उकडले, गाळले, लोणी पडलं. सातवी ओळ, मीठ दोन चमचे. घातलं, टीक केली.

शेफ चव घ्यायला फिरू लागला. विक्रीवाल्यांकडे "वा, वा" झालं. मग ठेंगूच्या टेबलापाशी त्याचं तोंड वाकडं झालं. पुढचं टेबल, तोंड आणखी वाकडं. टायपिंगवाल्यांची चारही पातेली चाखून तो पाण्याचा ग्लास शोधायला लागला.

"समुद्र आहे हो! चारही समुद्र!"

विक्रीवाले पोट धरधरून हसले. त्यांच्यातला एक ओरडला, "खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं आहेत ती!"

मॅडम आल्या त्या सरळ तिसऱ्या टेबलापाशी. पेन उघडलं. "मीठ कोणी घातलं?"

अक्कांना वाटलं, एकच शब्द. "मास्तरांनी." खोटंही नव्हतं, त्यांच्या कार्डावर सातव्या ओळीपुढे टीक दिसत होती. एका शब्दानं धाकटीचं वर्ष पार पडत होतं. शब्द जिभेवर आलाही. मग मास्तरांचा हात दिसला, वाटी पुसत असलेला. ही बोटं आपण अकरा वर्षं ऐकली, बघितली आजच.

"मी," अक्का म्हणाल्या.

"मी," त्याच वेळी मास्तर म्हणाले.

"नक्की कोणी?"

"दोघांनी," मास्तर म्हणाले. "मला दोन चमचे सांगितले, मी दोन घातले. यांनाही सांगितले, यांनीही घातले. वाट्या रिकाम्या झालेल्या दिसतात, मॅडम. डब्यातलं मीठ कमी झालेलं दिसत नाही."

"पण विचारायचं ना एकमेकांना!"

"विचारलं तर आमच्याकडे मेमो मिळतो," ठेंगू पलीकडून म्हणाला.

शेफनं डोकं खाजवलं. मग त्यानं मोठी पातेली मागवली, आणखी टोमॅटो, आणखी पाणी. दुप्पट मीठ दुप्पट सुपात बसलं. तासाभरात टायपिंगवाल्यांकडे एवढं सूप झालं की विक्रीवालेही वाडगे घेऊन रांगेत आले. मॅडमनी मात्र कागदावर "समन्वय नाही" असं लिहून खाली रेघ ओढली. ही ओळही अक्कांनी उलटीच वाचली.

फोटोसाठी साहेब आले. वाडग्यातलं चमचाभर सूप पिऊन म्हणाले, "फर्स्ट क्लास! काय अक्का, जमली ना टीम?"

अक्कांनी ॲप्रन सोडला, घडी केली, टेबलावर ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही. चहा सांगावा तशा बोलल्या.

"साहेब, मॅडमच्या कागदावर आमच्यातलं एक माणूस कमी करायचं लिहिलंय. मी वाचलंय. मास्तर, तुम्हाला आता कळतंय, माफ करा."

मास्तरांच्या हातातला वाडगा खाली आला. मॅडमनी पाटी छातीशी धरली. साहेब म्हणाले, "तो विषय इथं नको, अक्का. सोमवारी बोलू."

"विषय इथंच निघाला, साहेब. मी जाईन नाहीतर मास्तर जातील, ते तुम्ही ठरवा. माझं म्हणणं वेगळं आहे. मागच्या महिन्यात एका फॉर्मवर मी रक्तगट बी टाइप केला. कागदावर एबी होता, ए पुसट होता, मला दिसलाच नाही. मास्तरांना दिसला. आमचं जुळलं नाही म्हणून फॉर्म परत आला. न विचारता, न बघता दोघांनी केलं म्हणून आला. तीच सवय आज पातेल्यात पडली आणि तुम्ही ती आमची खोट म्हणून लिहून घेतलीत."

साहेबांनी वाडगा ठेवायला जागा शोधली. कोणी पुढे झालं नाही.

"मीठ जास्त झालं तर जीभ सांगते. उद्या त्या खोलीत एकच माणूस बसेल. त्याचंही एखादं अक्षर चुकेल, माणूसच तो. ते चुकलंय हे रुग्णालयात खाटेवर पडलेल्याला कोण सांगणार, साहेब? सोमवारी नको. आत्ता सांगा."