उद्घाटनाची कात्री

मी एक जुनी, सोनेरी मुठीची कात्री आहे. धार उत्तम, पण मित्रांनो, उमेदीच्या साऱ्या वर्षांत मी रेशमी फितीखेरीज काहीच कापलं नाही.

पेरूच्या आमच्या डोंगराळ मुलखात तांब्याची मोठी खाण आहे. खाणीमुळे नगरपालिकेकडे पैसा येतो, पैसा आला की इमारत उभी राहते, आणि इमारत उभी राहिली की मला मखमली उशीवर ठेवून नेतात. बँड वाजतो, नगराध्यक्ष देमेत्रियो साहेब फीत कापतात, इमारतीची धर्ममाता म्हणून बोलावलेली मानाची बाई मक्याच्या दारूचं मडकं फोडते. टाळ्या माझ्यासाठीच आहेत असं मी समजत असे.

त्या दिवशी कोरीपाम्पा गावच्या दवाखान्याचं उद्घाटन झालं. पाहुणे मेंढीच्या रश्श्याकडे वळले आणि मला आतल्या कपाटावर विसरले. फितीच्या पलीकडे काय असतं ते मी प्रथमच पाहिलं. नळ होते, त्यांना पाइप नव्हता. दिवे होते, त्यांना तार नव्हती. बाहेरून तांब्याचे ट्रक चालले होते. त्यातलं हातभर तांबंही इथवर पोचलं नव्हतं. मी हादरले.

तेवढ्यात सुईण सातुर्निना मावशी एर्मेलिंदाला घेऊन आली. दवाखाना उघडल्याचं लाउडस्पीकरवर सांगितलं होतं आणि या दोघींनी ते खरं मानलं होतं. एर्मेलिंदाला कळा येत होत्या. तिचं आधीचं बाळ दूरच्या इस्पितळाच्या वाटेतच गेलं होतं. ती खाटेवर आडवी होते न होते तोच हमाल विल्बेरनं खाटेचा पाय धरला.

"ताई, जरा उठा. खाट न्यायचीय."

"कुठं?"

"पलीकडच्या गावात. संध्याकाळी तिथल्या दवाखान्याचं उद्घाटन आहे."

"मग तिथल्या खाटा कुठं गेल्या?" मावशीनं विचारलं.

"याच त्या, मावशी. सगळीकडे याच असतात. भाड्याच्या आहेत."

मला धक्काच बसला. पोपडे उडालेला तो पाय मी गावोगाव, उद्घाटनाआधी ट्रकमधून उतरताना पाहिला होता. खाटा अशाच असतात, असं मला वाटलं होतं.

"अरे, बाई अडलीय, दिसत नाही का?"

"मला दिसतंय हो. पण साहेबांना तिकडे खाट दिसली पाहिजे."

एर्मेलिंदानं खाटेची दांडी घट्ट धरली. "मग मला खाटेसकट ने. साहेबांच्या फोटोत पेशंटही येईल."

विल्बेरनं पाय सोडला. "ट्रकचं चाक निखळलं म्हणून सांगतो," असं पुटपुटत तो बाहेर पायरीवर जाऊन बसला.

मावशीनं पाहुण्यांच्या चहाचं उकळतं आधण मागवलं आणि मला त्यात बुडवलं. माझा सोनेरी रंग पाण्यात उतरला. म्हणजे मीसुद्धा तसलीच, नुसती दिखाऊ निघाले. पण धार खरी होती. मी नाळ कापली आणि मुलगी रडली. त्या खोलीत चालू असलेली ती एकमेव गोष्ट होती.

अंधार पडण्याआधी ती खाट गेलीच. दवाखान्याला कुलूप लागलं. सकाळी एर्मेलिंदा लेकीला पाठीशी बांधून खेचरावरून डोंगर चढून गेली.

आता मी मावशीच्या पिशवीत असते. मित्रांनो, मला तेलपाणी करा असं मी म्हणणार नाही. विनंती एवढीच, की तुमच्या गावात फीत कापली जाईल तेव्हा टाळ्या थोड्या थांबवा आणि आधी आत जाऊन या. तुम्ही आत असताना खाटा उचलणं त्यांना जरा जड जातं.